कवितेत बोलणारा माणूस तपशिलांवरून कसा ओळखावा

'या कवितेतील निवेदक अतिशय स्वाभिमानी व संवेदनशील आहे.' रसग्रहणाच्या उत्तरांत हे वाक्य इतक्या वेळा भेटतं की ते नेमकं कोणत्या कवितेबद्दल आहे हे सांगता येऊ नये. वाक्य चूक नसतं. पण 'कशावरून?' असं विचारलं की गाडी अडते. 'वाचताना तसं वाटतं' एवढंच उत्तर येतं. बहुतेक वेळा ते वाटणं खरंही असतं, कारण वाचताना आपला कान पुष्कळ काही टिपत असतो. काय टिपलं ते कागदावर मांडायची सवय मात्र नसते.

ती सवय लावण्याची एक पद्धत इथे टप्प्याटप्प्याने सांगतो. दहावी-बारावीच्या मुलांना ती उपयोगी पडेल, शिकवणाऱ्यांना पडेल, आणि अभिवाचन करणाऱ्यांना सगळ्यांत जास्त, कारण बोलतंय कोण हे ठरल्याशिवाय आवाज लावणार कसा? पद्धतीमागचा विचार एवढाच: माणूस स्वतःबद्दल जे जाहीर करतो त्यापेक्षा बोलताना तो कोणत्या वस्तू उचलतो, कोणत्या टाळतो आणि कशाला किती मोठं करतो, यावरून जास्त कळतो. कवितेत तर जागा थोडी असते, त्यामुळे तिथे आलेली प्रत्येक वस्तू दुसरी एखादी बाजूला सारून आलेली असते.

हाताशी मुख्य कविता घेऊ कुसुमाग्रजांची 'कणा'. पुरात घर गेलेला एक विद्यार्थी आपल्या सरांना भेटायला येतो, एवढीच तिची गोष्ट. ती निवडण्याचं कारण उलटं आहे. ती सगळ्यांना पाठ आहे, म्हणूनच ती हल्ली कुणी वाचत नाही.

१. कविता हाताने उतरवा

हे काम मोबाईलच्या पडद्यावर होत नाही. वहीत एक ओळ सोडून एक ओळ अशी कविता लिहून काढा. मधल्या जागेत खुणा करायच्या आहेत. शक्यतो छापील पुस्तकातून उतरवा. व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या कवितांत शब्द बदललेले असतात. 'कणा'ची शेवटची ओळ कुठे 'फक्त लढ म्हणा' अशी भेटते, कुठे 'नुसतं लढ म्हणा' अशी. एरवी त्याने बिघडत नसेल, पण आपला सगळा डोलारा एकेका शब्दावर उभा राहणार आहे. मी इथे 'फक्त' धरून चाललो आहे.

२. कोण, कुणाशी, आणि आत्ताच का

पानाच्या डोक्यावर हे तीन प्रश्न लिहा आणि कवितेतच उत्तरं शोधा.

'कणा'त बोलणारे दोघे आहेत, आणि हे बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. पहिल्याच ओळीचा पूर्वार्ध एकाचा आहे, उत्तरार्ध दुसऱ्याचा: 'ओळखलंत का सर मला?' हा विद्यार्थी. 'पावसात आला कोणी' हे सर. दोन रंगांची पेनं घ्या आणि ओळी वाटून टाका. सरांच्या वाट्याला फार थोडं येतं: कर्दमलेले कपडे, केसांवरचं पाणी, 'क्षणभर बसला नंतर हसला बोलला वरती पाहून' ही एक अख्खी ओळ, आणि शेवटाकडे 'खिशाकडे हात जाताच हसत हसत उठला'. बाकी सगळं त्या मुलाचं.

ही वाटणी झाली की अर्धं काम झालं. आता एका कवितेत दोन माणसं ओळखायची आहेत, आणि दोघांच्या ओळखीचे पुरावे वेगळे आहेत. मुलगा त्याच्या बोलण्यातून कळेल, सर त्यांच्या बघण्यातून.

'आत्ताच का' या प्रश्नाचं उत्तर कपड्यांत आहे. चिखलाने माखलेले कपडे तसेच अंगावर आहेत. पुढे तो सांगतो की चिखलगाळ काढतो आहे; म्हणजे काम अर्ध्यात टाकून, पावसात, तो थेट इथे आला आहे. घरी जाऊन, आवरून, मग भेटायला यावं इतका धीर त्याला नव्हता. बदलायला दुसरे कपडेच उरले नव्हते असंही असू शकेल, पण ते आपण जोडलेलं आहे. अशा जोडलेल्या गोष्टींपुढे शिसपेन्सिलीने प्रश्नचिन्ह काढा. ती खोडावी लागण्याची शक्यता नेहमी ठेवायची.

बोलीकडेही याच टप्प्यावर लक्ष द्या. नारायण सुर्व्यांच्या एका कवितेत एक बाई बोलते; त्या कवितेचं नावच 'मास्तर, तुमचंच नाव लिवा' असं आहे. चार शब्द आहेत, पण हाक कुणाला आहे ते कळतं, 'लिवा'वरून बोलणारीचं आणि अक्षराचं नातं कळतं, आणि 'तुमचंच' मधल्या 'च'मध्ये विनंती, आव्हान आणि थट्टा यांचं असं काही मिश्रण आहे की ती बाई पुढची कविता वाचण्याआधीच दारात उभी राहते.

३. जाहीर केलेलं बाजूला ठेवा

आता वहीच्या नव्या पानावर दोन रकाने करा. डावीकडे जाहीर विधानं, उजवीकडे तपशील.

'मोडून पडला संसार तरी मोडला नाही कणा' हे डाव्या रकान्यात जाईल. याच ओळीवर सगळी उत्तरं, सगळी भाषणं आणि सगळे फ्लेक्स उभे असतात. तिला काही काळ हातच लावायचा नाही. कणा मोडला नाही असं कुणीही म्हणू शकतो. ज्याचा मोडला आहे तो तर अधिकच जोरात म्हणेल. खरं-खोटं उजव्या रकान्यावरून ठरणार आहे.

उजवीकडे वस्तू, क्रिया, नाती, रंग, संख्या आणि मापं लिहा. मुलाच्या बाजूने यादी अशी होते: गंगामाई, पाहुणी, घरटं, माहेरवाशीण, चार भिंती, बायको, भिंत, चूल, प्रसाद, पापण्या, थोडं पाणी, कारभारीण, पडकी भिंत, चिखलगाळ, पैसे, पाठीवरचा हात.

यादी झाल्यावर ती कवितेशिवाय, नुसती वाचा. पुरात घर गेलेल्या माणसाची ही यादी आहे. तिच्यात पाहुणी आहे, माहेरवाशीण आहे, प्रसाद आहे. शत्रू मात्र कुठेच नाही.

इथे जरा थांबायला हवं, कारण या कवितेचा गाभा मला इथे दिसतो. ज्या पाण्याने घर नेलं त्याला हा माणूस तीन नाती देतो. आधी ती पाहुणी होते, मग माहेरवाशीण, मग प्रसाद ठेवून जाणारी देवी. पाहुणीला आपण हाकलत नाही. माहेरवाशिणीला तर घरात वाटेल तसं वागायची मुभा असते. ती 'चार भिंतींत नाचली' तरी तिला कोण रागावणार? आणि 'मोकळ्या हाती जाईल कशी' या अर्ध्या ओळीत आपल्याकडची अख्खी रीत आहे: लेक निघाली की तिच्या ओटीत काही घातल्याशिवाय तिला सोडत नाहीत. घर वाहून गेलं याचा हिशोब तो आहेराच्या खात्यात मांडतो. नुकसान तेवढंच राहतं, पण लुटला गेलेला माणूस आणि दिलेला माणूस यांची उभं राहण्याची ढब वेगळी असते. कण्याचा पुरावा हवा असेल तर तो या ओळीत आहे, शेवटून दुसऱ्या ओळीत नव्हे.

'लढतो आहे' हे क्रियापदही तपासा. कुणाशी लढतो? पुढची ओळ सांगते: 'पडकी भिंत बांधतो आहे, चिखलगाळ काढतो आहे.' नदीशी नाही, दैवाशी नाही. त्याची लढाई म्हणजे फावडं आणि घमेलं. शिवाय खचली, विझली, नेले ही सगळी क्रियापदं भूतकाळी आहेत आणि बांधणं-काढणं चालू वर्तमानकाळात. तो रडगाणं गात नाही हे कवितेने कुठे म्हटलेलं नाही. काळाच्या फरकाने ते दाखवलं आहे.

४. लहान शब्द मोजा

शाळेत आपल्याला विशेषणांखाली रेघा मारायला शिकवतात. स्वभाव मात्र जास्त करून अव्ययांत आणि मापाच्या शब्दांत सापडतो: जरा, थोडं, मात्र, फक्त, तरी, च, ना, बरं का. यांच्याभोवती गोल करा.

बाजूला ठेवलेली ओळ सोडली तर 'कणा'त मुलाच्या तोंडी असे चार गोल पडतात. 'बायको मात्र वाचली.' 'पाणी थोडे ठेवले.' 'जरा एकटेपणा वाटला.' 'फक्त लढ म्हणा.' ते एकाखाली एक लिहा.

डोळ्यांतलं पाणी थोडं. एकटेपणा जरासा. मागणं फक्त एवढंच. जिथे जिथे स्वतःचं दुःख किंवा स्वतःची गरज येते तिथे हा माणूस माप कमी करतो. वस्तूंच्या नुकसानीला त्याने तसं केलेलं नाही. 'होते नव्हते नेले' असं सरळ सांगून टाकलं आहे. म्हणजे परिस्थिती लपवायची नाही, पण आपला त्रास दुसऱ्यावर लादायचा नाही, अशी त्याची वागण्याची रीत आहे. 'संवेदनशील' या शब्दापेक्षा हे कितीतरी नेमकं आहे, आणि कुणी 'कशावरून' विचारलं तर बोट ठेवायला तीन शब्द आहेत.

चौथा, 'मात्र', वेगळा आहे. आहेराची थट्टा चालू असताना तो मध्येच येतो. सगळं गेलं, बायको मात्र वाचली. क्षणभर थट्टेचा पडदा बाजूला होतो आणि ती रात्र काय असेल याचा अंदाज येतो. लगेच पुढची ओळ पडदा ओढून घेते. आणि जिचा उल्लेख वाहून जाण्याच्या भीतीत 'बायको' असा झाला, तीच काम सुरू झाल्यावर 'कारभारीण' होते. आता ती सांभाळायची वस्तू राहिलेली नाही, कारभार तिच्याही हातात आहे.

जाता जाता एक तक्रार नोंदवतो. स्पर्धांत ही कविता मूठ आवळून, शेवटी टाळ्या घेत म्हणतात. ज्या माणसाने सगळीकडे 'जरा' आणि 'थोडे' वापरलं, जो हसून बोलू लागला आणि हसत उठला, तो शेवटची ओळ ओरडेल कशाला? ती हळू म्हणून पाहा.

५. शब्द बदलून पाहा

एखादा तपशील स्वभाव सांगतो की नुसती जागा भरतो, हे तपासायला तो काढून दुसरा घाला. बोलणारा बदलला तर तपशील कामाचा.

मराठीत या प्रयोगाचं तयार उदाहरण आहे, आणि ते आचार्य अत्र्यांनी करून ठेवलं आहे. केशवसुतांच्या 'आम्ही कोण?' या सुनीताची, म्हणजे चौदा ओळींच्या कवितेची, सुरुवात अशी:

'आम्ही कोण म्हणूनि काय पुससी? आम्ही असू लाडके
देवाचे, दिधले असे जग तये आम्हांस खेळावया'

अत्र्यांनी 'केशवकुमार' या नावाने 'झेंडूची फुले'मध्ये याचं विडंबन केलं. वृत्त तेच शार्दूलविक्रीडित, पहिले शब्दही तेच, आणि मग:

'आम्ही कोण म्हणूनि काय पुससी दाताड वेंगाडुनी?
फोटो मासिक पुस्तकांत न तुम्ही का आमुचा पाहिला?'

दोघांचा दावा एकच आहे, आम्ही थोर आहोत. केशवसुतांचा बोलणारा पुरावा म्हणून देव आणि जग आणतो. अत्र्यांचा आणतो मासिकातला फोटो. प्रश्न विचारणाऱ्याचं थोबाडही केशवसुतांच्या माणसाला दिसत नाही. अत्र्यांच्या माणसाला समोरच्याचं वेंगाडलेलं दाताड आधी दिसतं, म्हणजे त्याला हसं होण्याची धास्ती आहे. शेवटीही तसंच. मूळ कवितेत 'आम्हांला वगळा' तर तारांगणं निस्तेज होतील, विडंबनात साप्ताहिकं. एका शब्दाच्या बदलाने द्रष्टा जातो आणि कुठल्याही गावात भेटणारा, छापून येण्यासाठी हपापलेला कवी समोर येतो.

या जोडीने आणखी एक गोष्ट शिकवली आहे. विडंबन वाचून मूळ कवितेकडे परत गेलं की केशवसुतांच्या बोलणाऱ्याचा आत्मविश्वास थोडा धोक्याच्या काठावर असलेला दिसतो. 'आम्हांला वगळा' असं दोनदा बजावून सांगावं लागतं, याचा अर्थ वगळणारं कुणीतरी समोर आहे.

घरी करायचा प्रयोग सोपा आहे. 'कणा'त 'गंगामाई पाहुणी आली' याऐवजी 'महापूर मेला आला' असं घालून पुढची कविता वाचा. 'प्रसाद' हा शब्द आता उभा राहतो का? राहत नाही. माणूस बदलला.

६. उपमा कुठून उचलली ते पाहा

उपमेत दोन वस्तू असतात. ज्याच्याबद्दल बोलायचं ती कुणाचीही असू शकते. जिच्याशी तुलना केली ती मात्र बोलणाऱ्याच्या घरातली असते. म्हणून दुसऱ्या वस्तूकडे बघा.

'मन वढाय वढाय, उभ्या पिकातलं ढोर, किती हाकला हाकला, फिरी येतं पिकावर.' मन चंचल आहे हे संतांपासून सगळ्यांनी सांगितलं. बहिणाबाईंच्या ओवीतल्या बाईने त्यासाठी ढोर घेतलं, आणि तेही 'उभ्या पिकातलं'. पीक उभं आहे म्हणजे काढणी व्हायची आहे, नुकसान व्हायला अजून वाव आहे. ते हाकलण्याचं काम तिने केलेलं आहे, कारण हाकललेलं जनावर पळून जात नाही, वळून परत येतं, हा अनुभव बांधावर उभं राहिलेल्या माणसाचा आहे. आणि 'हाकला हाकला' या दोनदा आलेल्या शब्दात वैताग आहे, पण ढोराला शिवी नाही. भूक लागलेलं जनावर पिकातच शिरणार, हे तिला कळतं. मनाकडेही ती त्याच नजरेने पाहते.

इथे 'बहिणाबाई शेतकरी होत्या म्हणून' असं लिहून मोकळं होऊ नका. ते आपल्याला चरित्रावरून माहीत आहे. ओवीत काय आहे ते आधी लिहा. चरित्राची पाळी पुढे येईल.

७. काय नाही, तेही लिहा

हा टप्पा अवघड आहे, आणि जिथे 'मी' हा शब्दच नाही अशा कवितेत त्याच्याशिवाय चालत नाही. बालकवींचा 'औदुंबर' घ्या. आठ ओळी. वरवर पाहता निसर्गचित्र. बोलणारा कुठेच नाही. कुणीतरी पाहतं आहे एवढंच.

तर ते कुठे पाहतं, कोणत्या क्रमाने, हे टिपा. हिरवाळी घेऊन वाहणारा निळासावळा झरा. पलीकडे टेकडीकडे 'चार घरांचे गाव चिमुकले'. शेतमळे. त्यांतून 'पायवाट पांढरी', अडवीतिडवी, हिरव्या कुरणांमधून 'काळ्या डोहाकडे' गेलेली. पाण्यावर 'गोड काळिमा'. आणि 'पाय टाकुनी जळात बसला असला औदुंबर'.

आता नसलेल्या गोष्टी. गाव आहे, पण माणूस नाही. चार घरं आहेत, त्यांतून धूर निघत नाही, कुणाची हाक येत नाही, गुरं नाहीत. 'गर्दी' हा शब्द आला आहे, तो शेतमळ्यांसाठी. पायवाट आहे म्हणजे तिच्यावरून माणसं जात असणार. बोलणाऱ्याला ती दिसत नाहीत, वाट तेवढी दिसते. आणि वाट नजरेला गावाकडे नेत नाही, डोहाकडे नेते. माणसासारखी एकच क्रिया कवितेत आहे, पाण्यात पाय टाकून बसणं, आणि ती एका झाडाची आहे.

या सगळ्यावरून बोलणाऱ्याबद्दल काय म्हणता येईल? गावापासून तो लांब उभा आहे आणि त्याला गावाची ओढ दिसत नाही. त्याची नजर हिरव्यातून पांढऱ्यावरून काळ्याकडे सरकते, आणि तिथे पोचल्यावर दचकत नाही. त्या काळिम्याला तो 'गोड' म्हणतो. हे एक विशेषण कवितेतून काढलं तर ती भीतीची कविता होईल. त्याला सोबत सापडली आहे ती बसलेल्या झाडात. 'असला' या शब्दात तर तो जवळजवळ बोट दाखवतो, बघा, असा बसला आहे. आठ ओळींत पहिल्यांदाच त्याचा आवाज किंचित वर येतो.

'निसर्गप्रेमी' म्हणून सोडून दिलं असतं तर यातलं काहीच हाती लागलं नसतं.

८. दुसऱ्याबद्दल बोलणारा स्वतःबद्दलही बोलत असतो

मर्ढेकरांच्या कवितेतला गणपत वाणी बिडी पिता पिता काडी चावतो आणि मनाशीच म्हणतो, या जागेवर माडी बांधीन. त्याची गोष्ट सांगणारा कोण? गिऱ्हाईक नक्कीच नव्हे. मनातलं बोलणं गिऱ्हाइकाला ऐकू येत नाही. सुरुवातीला त्याच्या सुरात थोडी गंमत आहे. आणि शेवटी, 'गणपत वाणी बिडी बापडा पितापिताना मरून गेला', तिथे 'बापडा' येतो. बिडी आणि पिण्याच्या मध्ये घुसलेला तो शब्द गणपतबद्दल नवं काही सांगत नाही. सांगणाऱ्याचं मन मात्र त्याने उघडं पडतं.

याच नजरेने 'कणा'तल्या सरांकडे परत या. त्यांनी काय टिपलं? 'कोणी' आला. म्हणजे ओळखलं नव्हतं, आणि 'ओळखलंत का' या प्रश्नाचं उत्तर कवितेत शेवटपर्यंत मिळत नाही. मुलगा हकिगत सांगण्याआधी बसला, हसला आणि वर पाहिलं, हा क्रम त्यांनी नीट पाहिला आहे. शिक्षकाची नजर आहे ती. मग 'खिशाकडे हात जाताच'. हात कुणाचा, हे ते सांगत नाहीत. 'माझा' हा शब्द गाळला आहे. पण प्रसंगही गाळलेला नाही. मदत मागायला आला असेल असं त्यांना वाटलं होतं, आणि तसं वाटलं हे त्यांनी आपल्यापासून लपवलेलं नाही.

त्यानंतर सरांच्या तोंडी एकही शब्द नाही. पाठीवर हात ठेवला का, 'लढ' म्हटलं का, काही कळत नाही. शेवटचा शब्द त्यांनी विद्यार्थ्याला दिला आहे. आपण काय केलं हे सांगून स्वतःला मोठं करून घेण्याची संधी समोर असताना त्यांनी ती सोडली. माझ्या मते या कवितेत दोन कणखर माणसं आहेत, आणि दुसरं कुणाला दिसत नाही.

९. चरित्र शेवटी उघडा

बोलणारा आणि कवी एक नव्हेत हे सगळे जाणतात आणि लिहिताना सगळे विसरतात. बालकवी १९१८ साली भादली स्टेशनाजवळ रेल्वेखाली गेले, वय अठ्ठावीसच्या आसपास. हे कळल्यावर 'काळा डोह' वाचताना मन भरकटणं साहजिक आहे. पण कवी पुढे कसा जाणार हे कवितेत बोलणाऱ्याला ठाऊक नसतं. ज्या अर्थाला मृत्यूच्या तारखेचा टेकू लागतो तो अर्थ ओळींतून आलेला नाही.

चरित्राचा आणि प्रदेशाचा उपयोग होतो तो वेगळ्या कामाला. कुसुमाग्रज नाशिकचे. नाशकात गोदावरीला गंगाच म्हणतात आणि पुराची उंची नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर लागलं यावरून सांगतात. हे माहीत असेल तर 'गंगामाई' हा अलंकारिक शब्द न राहता रोजच्या बोलण्यातला होतो, आणि मुलाचं बोलणं आणखी सहज वाटू लागतं. कवितेत गावाचं नाव नाही, त्यामुळे 'हा मुलगा नाशिकचाच' असं मात्र म्हणता येणार नाही.

जास्त अर्थ काढण्याची खोडही इथेच आवरा. 'जरा एकटेपणा वाटला' यावरून त्याचे आईवडील हयात नाहीत असं लिहिलेलं उत्तर फार हुशारीचं दिसेल, पण पुरावा नाही. एवढंच म्हणता येतं: बायको सोबत असतानाही वडीलधाऱ्या हाताची कमतरता त्याला जाणवली. दुसरी पायरी नेहमी पहिलीएवढी भक्कम नसते. छंदासाठी आलेल्या शब्दांवरही फार भार टाकू नका. यमक जुळवायला आलेल्या एकट्या शब्दावर स्वभाव उभा करायचा असेल तर त्याला दुसऱ्या ओळीतला साक्षीदार शोधा.

१०. लिहायचं कसं

निष्कर्ष, त्याला आधार असलेले दोन-तीन तपशील, आणि ते तपशील तसेच का वाचायचे, या क्रमाने एक परिच्छेद पुरतो. उदाहरणार्थ:

'पुरात घर गमावलेला हा विद्यार्थी आपलं दुःख समोरच्यावर पडू देत नाही. नुकसान सांगताना तो "होते नव्हते नेले" असं पूर्ण सांगतो, पण स्वतःच्या अश्रूंना "थोडे" आणि एकटेपणाला "जरा" म्हणतो. नदीलाही तो माहेरवाशिणीचा मान देतो, त्यामुळे त्याच्या बोलण्यात तक्रार शिरत नाही. हा संयम सहज आलेला नाही, हे "बायको मात्र वाचली" या वाक्यातल्या "मात्र"वरून जाणवतं.'

यात 'स्वाभिमानी' हा शब्द नाही, आणि स्वाभिमान सगळा आहे. गुणवाचक शब्द लिहायचाच असेल तर परिच्छेद पूर्ण झाल्यावर लिहा आणि त्याची गरज उरली आहे का ते पाहा. तपशील एकमेकांशी भांडत असतील तर ते भांडण मिटवू नका, उत्तरात येऊ द्या; थट्टा आणि भीती एकाच ओळीत असलेला माणूसच खरा वाटतो.

सरावासाठी जनाबाईंच्या या दोन ओळी घ्या:

'डोईचा पदर आला खांद्यावरी । भरल्या बाजारी जाईन मी ॥
हाती घेईन टाळ खांद्यावरी वीणा । आता मज मना कोण करी ॥'

पदर 'घेतला' की 'आला'? बाजार नुसता का नाही, 'भरल्या' का? कोणती क्रियापदं झालेल्या गोष्टीची आहेत आणि कोणती अजून व्हायच्या? 'मना कोण करी' असं विचारायची पाळी कुणावर येते? प्रत्येक उत्तरापुढे ओळीतला शब्द लिहा आणि मग पाच-सहा वाक्यांत ही बाई कोण ते मांडा. अट एकच, 'बंडखोर' हा शब्द वापरायचा नाही.